चौकोनी कंस

खोका उथळसरहून आला. फिलोमिना आल्मेडा बाईंनी
रिक्षातून स्वतः आणला, मांडीवर धरून.
म्हणाल्या, बिल्डिंग पाडतायत, आजोबांचं सामान आहे,
वाळवी नाही, मी झटकलंय.
वाळवी होती. थोडी.

दुसरा मजला, खिडकी तलावपाळीकडची.
खाली भेळवाल्याचा झारा वाजतो.
मी ब्रश, भिंग, मऊ पेन्सिल मांडते.
पेनाला या टेबलावर बंदी.

आधी व्हायोलिनचे कागद. पाच रेघा, काळे ठिपके,
मला त्यातलं काही वाजवता येत नाही,
मी पायथ्याशी बघते. तिथे एक बारीक आकडा असतो,
पत्र्यावर कुणीतरी उलटा कोरलेला.
वर्ष नसतं. मुद्दामच नसतं:
जुनी दिसली की गत खपत नाही.
मी आकडा जसाच्या तसा उतरवते, वर्षाच्या जागी
अंदाज, आणि अंदाजाभोवती चौकोनी कंस.
कंस म्हणजे, हे पुस्तक बोललेलं नाही,
हे मी बोलतेय.

मग तळाशी पेटी शिकायचं पुस्तक.
शीर्षकपान नाही. कर्ता नाही.
शेवटच्या पानावर मात्र दम भरलेला:
सर्व हक्क स्वाधीन. ज्या प्रतीवर आमची सही नसेल
ती चोरीची समजावी.
सही आहे, जांभळी, एकही अक्षर लागत नाही.
म्हणजे प्रत चोरीची नाही, एवढं नक्की.

आतल्या कोऱ्या पानावर वळणदार शाई:
चि. सौ. द्वारकेस सप्रेम, माघ शु. ५, शके १८३३.
ऋचिका गावंड, नवी मुलगी, पटकन अठ्ठ्याहत्तर मिळवते.
थांब, माघ आहे, एकोणऐंशी.
आणि हे भेट दिल्याचं साल, छापल्याचं नव्हे.
लिही: १९१२ किंवा त्याआधी.

सारेगमच्या खाली शिसपेन्सिलीने
कुणीतरी पाच पाच रेघा मारल्यात, ठिपके मांडलेत.
कोमल गंधारापाशी खोडलंय, पुन्हा लिहिलंय.
द्वारकेचं पुस्तक आल्मेडांच्या खोक्यात कसं
असा रकाना आमच्याकडे नाही.
टीप: पेन्सिलीच्या खुणा, अन्य हस्ताक्षर.

राहिलं स्थळ.
त्याच दम भरलेल्या पानाच्या तळाशी, कसरीने खाल्लेल्या भोकानंतर:
"णें येथें छापून प्रसिद्ध केलें."
भोकाच्या काठाला एक उभी रेघ शिल्लक.
ठाणें असेल तर ती काना.
पुणें असेल तर पचा दांडा,
आणि उकार जिथे हवा तिथेच नेमकं भोक.
ऋचिका म्हणते, पुणेच असणार मॅडम, तिकडे छापखाने किती!
खरं आहे. मी भिंग पुन्हा धरते.

माझ्या बाबांची जन्मतारीख एक जून.
आगासनच्या शाळेत त्या वर्षी अकरा मुलगे आले,
अकराही एक जूनचे.
आत्या सांगायची, लावणी चालली होती,
बांधावरच कळा सुरू झाल्या, म्हणजे आषाढ तरी.
गुरुजींनी हजेरीपटात ठाम लिहिलं, कंस नाही,
प्रश्नचिन्ह नाही,
आणि वागळे इस्टेटच्या कंपनीने त्या तारखेवर
त्यांना एकतीस मेला नारळ दिला.
महिनाभराचा पगार हुकला
म्हणून ते कधी हसत, कधी नाही.

पाच वाजले. ऋचिका बॅग भरते.
मला ठाणे हवंय, हे मला कळतंय,
म्हणूनच हात जपून चालवते.
आधी कंस उघडते. ठाणे. मग प्रश्नचिन्ह,
जरा ठसठशीत,
पुढच्याला सहज दिसेल असं.
टीपेत पुणेही लिहिते. भोकाचं माप लिहिते,
चार मिलिमीटर.

मग कंस बंद करते.